सामन्याआधी स्वयंपाक उरकायचा : सुपर बोलचा इटालियन-अमेरिकन बेत

फेब्रुवारीचा दुसरा रविवार जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. तिळगूळ आणि हळदीकुंकवाचे प्रश्न संपतात आणि सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या बेताचे सुरू होतात. यंदा बऱ्याच जणींनी आणि जणांनीही इटालियन-अमेरिकन पदार्थांबद्दल विचारलं आहे. मला त्याचा फार आनंद झाला. न्यू जर्सीत संसार थाटल्यापासून हे जेवण मी रांधते आहे, आणि ते मला शिकवलं आमच्या शेजारच्या आजींनी. त्यांचे आईवडील नेपल्सच्या बाजूचे. खालच्या उत्तरांत त्या अधूनमधून येतीलच.

प्रश्न : ताई, यंदा पहिल्यांदाच सुपर बोलला वीसेक माणसं घरी बोलावली आहेत. निम्मी ऑफिसातली, निम्मी आपली मराठी मंडळी. पिझ्झा मागवायचा नाहीये. बेक्ड झिटी (ओव्हनमध्ये भाजलेला नळीसारखा पास्ता), सॉसेज-पेपर्स (सॉसेज आणि ढोबळी मिरची) असं काहीतरी भरपेट घरीच करावं म्हणते. पण माझी एक मैत्रीण अशाच पार्टीत अख्खा सामना ओट्याशी उभी होती. माझं तसं व्हायला नको. — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुम्ही निवडलेला बेत अगदी योग्य आहे, कारण हे पदार्थ आदल्या दिवशी करून ठेवण्यासाठीच आहेत. पूर्वेकडे सामना साडेसहाच्या सुमारास सुरू होतो. त्या वेळेला तुमचा गॅस बंद असला पाहिजे आणि ओव्हनमध्ये जे आहे ते आपलं आपण शिजत असलं पाहिजे. माझा आग्रह एवढाच : रविवारी चिरायचं काही नाही, तळायचं तर मुळीच नाही.

सॉस शुक्रवारी रात्री करा. शनिवारी झिटीचे दोन ट्रे लावा, एक शाकाहारी आणि एक सॉसेज घातलेला. ९ बाय १३ इंचांच्या एका ट्रेला १ पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम झिटी, साधारण ६ कप सॉस, रिकोटा या मऊ, पांढऱ्या चीजचा १५ औंसांचा डबा, पाऊण ते एक पौंड मोझरेला आणि मूठभर किसलेलं पार्मेझान किंवा रोमानो चीज. सोबत आणखी पदार्थ असले की एका ट्रेत दहा जण पोटभर जेवतात.

झिटी पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा तीन मिनिटं आधी उतरवा. दाताखाली चांगली कच्ची लागली पाहिजे, कारण पुढे ती सॉसमध्ये रात्रभर बसणार आहे आणि ओव्हनमध्ये पुन्हा शिजणार आहे. निथळताना कपभर पाणी बाजूला काढा. झिटी गरम असतानाच दोन तृतीयांश सॉसमध्ये कालवा, आणि मिश्रण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जरा सैलच ठेवा, लागलं तर ते पाणी घाला. रिकोटा मात्र एकजीव करू नका. थोडं मीठ-मिरपूड घालून तो चमच्याने जागोजागी टाका आणि एकदाच वरखाली करा. मग खाणाऱ्याच्या ताटात कुठे लाल, कुठे पांढरा घास येतो. सगळं गुलाबी करून टाकलं की ही मजा जाते. वर उरलेला सॉस, मग मोझरेला. मोझरेलाची वडी आणून घरी किसा. किसून मिळणाऱ्या पाकिटात तुकडे चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे ते नीट वितळत नाही.

ट्रे अॅल्युमिनियमचा घ्या. फ्रीजमधून काढलेलं काचेचं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये तडकू शकतं. आणि हे पातळ ट्रे भरल्यावर मधोमध वाकतात, म्हणून खाली एक सपाट बेकिंग शीट हवीच. रविवारी साडेपाचला, फॉइल लावून, १९० अंश सेल्सिअसला (३७५ फॅरनहाइट) दोन्ही ट्रे आत. पाऊण तासाने फॉइल काढा, कडा खदखदून वरचं चीज डागाळेपर्यंत आणखी पंधरा मिनिटं. मग बाहेर काढून पंधरा मिनिटं हात लावू नका. लगेच कापलं तर सॉस पसरतो, थांबलात तर चौकोन सुटे निघतात.

सॉसेज-पेपर्स तर त्याहून सोपं. न्यूयॉर्कच्या लिटल इटलीत मलबेरी स्ट्रीटवर १९२६ पासून दर सप्टेंबरला सान जेनारोचा उत्सव भरतो. तिथल्या प्रत्येक कोपऱ्यावर लोखंडी तव्यावर हेच परतत असतात. इटालियन सॉसेजमध्ये बडीशेप असते आणि ढोबळी मिरची-कांद्याबरोबर तिचा वास असा काही दरवळतो की पाहुणे दारातूनच विचारतात. शनिवारी सॉसेज सगळ्या बाजूंनी लालसर करून पूर्ण शिजवून ठेवा, त्याच चरबीत उभा कांदा आणि लाल-हिरव्या ढोबळ्या मिरच्या परता. मिरच्या मऊ व्हाव्यात, लगदा नको. रविवारी दुपारी झाकण ठेवून गॅसवर वाफा येईपर्यंत गरम करा, आणि मग स्लो कुकर ‘वॉर्म’वर ठेवून त्यात ओता. थंड अन्न थेट ‘वॉर्म’वर ठेवायचं नाही, ते वेळेत तापत नाही. बाजूला लांब पाव ठेवा, ज्याचं त्याने भरून घ्यावं.

गार्लिक ब्रेड, ऑलिव्ह, चीजचे तुकडे, लेट्यूसची कोशिंबीर एवढं पुरे. याहून जास्त पदार्थ करू नका, खरंच गरज नसते.

प्रश्न : माझा टोमॅटो सॉस नेहमी आंबट लागतो आणि ताटात पाणी सुटतं. साखर घातली तर गोडमिट्ट होतो. चांगल्यातले डबे आणले तरी तेच. शिवाय आमच्या मंडळींना तिखट लागतं, तर थोडा कांदा-लसूण मसाला घातला तर चालेल का? — एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

मला वाटतं तुम्ही सॉस अर्ध्या तासात उतरवत असणार. आपल्याकडे मटणाच्या वाटणाला आपण जेवढा वेळ देतो तेवढा या सॉसला दिला की तुमच्या दोन्ही तक्रारी मिटतील.

पहिली गोष्ट डब्याची. ‘डाइस्ड’ म्हणजे फोडी केलेले टोमॅटो घेऊ नका. फोडींचा आकार टिकावा म्हणून त्यात बहुतेक वेळा कॅल्शियम क्लोराइड घालतात, म्हणून त्या तासभर शिजवूनही विरघळत नाहीत आणि पाणी वेगळं राहतं. सोललेले अख्खे टोमॅटो घ्या, २८ औंसांचे (७९४ ग्रॅम) डबे. सान मार्झानो मिळाले तर उत्तम, पण तेच हवेत असा हट्ट नको. कॅलिफोर्नियाचे चांगले टोमॅटोही सुरेख लागतात. परातीत ओतून हातांनी कुस्करा, देठाकडचा कडक भाग काढून टाका.

जाड बुडाचं स्टीलचं किंवा इनॅमलचं भांडं घ्या. साध्या बिडाच्या भांड्यात आंबट शिजवलं की लोखंडी चव उतरते. चार डब्यांना अर्धा कप ऑलिव्ह तेल. एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून मंद आचेवर मऊ करा, तो तपकिरी होऊ द्यायचा नाही. आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून घाला. मग टोमॅटो पेस्टचा ६ औंसांचा डबा घालून परतत राहा. इथे घाई करायची नाही. भडक लाल रंग जाऊन तो विटकरी झाला पाहिजे आणि पेस्ट भांड्याला लागू लागली पाहिजे. आंबटपणा पहिल्यांदा कमी होतो तो इथेच. मग टोमॅटो, मीठ, तुळशीच्या जातीतल्या बेझिलच्या काड्या, आणि असेल तर एखादं गाजर अख्खंच. शेवटी ते काढून टाका. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर दोन ते अडीच तास.

झालं हे कसं ओळखायचं? आजी लाकडी डाव भांड्याच्या बुडावरून सरळ ओढायच्या. वाट पडली आणि क्षणभर तशीच राहिली तर सॉस आटला. आणि कडेने केशरी तेल सुटलेलं दिसतं. ही खूण तर आपल्याला कुणी शिकवायलाच नको. इतकं करूनही टोमॅटो आंबट निघालेच, तर चिमूटभर खायचा सोडा घाला. फेस येईल, बसेल, आणि आम्लता खरोखर कमी होईल. साखर नुसती आंबटपणा झाकते.

कांदा-लसूण मसाला घालू नका. मसाल्यावर माझं प्रेम कमी नाही, पण सुकं खोबरं, धणे आणि लवंग या सॉसमध्ये आले की अडीच तास शिजवून आणलेला टोमॅटोचा गोडवा सापडतच नाही. तिखट हवं तर तेलात कुटलेली लाल मिरची घाला, दक्षिण इटलीत कालाब्रियाचे लोक ती मुबलक घालतात. आणि तुम्ही तर शिकागोच्या अंगणात राहता! तिथली तेलातली तिखट जार्दिनिएरा आणा. फ्लॉवर, गाजर, सेलरी, हिरव्या मिरच्या असं सगळं त्यात असतं. वाटीत काढून सॉसेजच्या पावाशेजारी ठेवा. तुमच्या मंडळींचं समाधान होईल आणि सॉसही जागच्या जागी राहील.

प्रश्न : आमच्याकडे बीफ चालत नाही. टर्कीच्या खिम्याचे मीटबॉल केले, तर ते कोरडे आणि टणक झाले. सामन्याच्या दिवशी लहान पावात घालून द्यायचे आहेत. काय चुकतंय? — एक वाचक, एक्स्टन, पेनसिल्व्हेनिया

दोन गोष्टी बघा. एक, छातीच्या मांसाचा अगदी चरबीविरहित खिमा आणत असाल तर तो कोरडाच होणार. मांडीचा, पाकिटावर ८५ टक्के लिहिलेला, म्हणजे १५ टक्के चरबीचा खिमा घ्या. चिकनचा चालेल, डुकराचं चालत असेल तर दोन्ही मिसळा. दुसरं, तुम्ही खिमा मळत असाल. मीठ घालून मळलं की मांसातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात. सॉसेजला ते हवं असतं, मीटबॉलला नको.

मीटबॉल मऊ राहतो तो दुधात भिजवलेल्या पावामुळे. दोन पौंड, म्हणजे ९०० ग्रॅम खिम्याला पांढऱ्या पावाचे चार स्लाइस, कडा काढून, पाऊण कप दुधात भिजवा आणि काट्याने पेस्ट करा. त्यात दोन अंडी, अर्धा कप किसलेलं चीज, लसूण, भरपूर बारीक चिरलेली पार्स्ली, मीठ, मिरी असं सगळं आधी कालवून घ्या. खिमा सगळ्यात शेवटी, आणि बोटं पसरून हलक्या हाताने, फक्त पांढरे पट्टे दिसेनासे होईपर्यंत. हे मिश्रण हाताला चिकटतं, सैल वाटतं आणि मन म्हणतं अजून थोडा ब्रेडचा चुरा घालावा. घालू नका. हात पाण्यात बुडवा आणि लिंबाहून जरा मोठे गोळे वळा.

तळण्याऐवजी २२० अंशांच्या (४२५ फॅरनहाइट) ओव्हनमध्ये पंधरा-अठरा मिनिटं भाजा, खालून छान रंग येतो. मग गरम सॉसमध्ये अर्धा तास मंद आचेवर. टर्की किंवा चिकन आतून ७४ अंशांना (१६५ फॅरनहाइट) पोचलंच पाहिजे. पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्या, अंदाजावर सोडू नका. पावाची आतली बाजू भाजून घेतली की सॉसने तो लगेच भिजत नाही.

सॉसेज विकत आणतानाही पाकीट वाचा. नाव चिकन सॉसेज असलं तरी वरचं आवरण बरेचदा डुकराच्या आतड्याचं असतं, आणि कोलॅजेनचं असेल तर ते गोवंशाचं असू शकतं. पाहुण्यांपैकी ज्यांना हे चालत नाही, त्यांना ते आधी कळलं पाहिजे. खात्री नसेल तर आवरणाशिवाय घरीच करा : वरच्याच खिम्यात अर्धवट कुटलेली बडीशेप, लसूण, लाल तिखट, मीठ घालून तव्यावर मोकळं परता. झिटीत घालायला तर हेच जास्त बरं.

प्रश्न : सासूबाई सोलापूरहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या माळकरी आहेत. मुलगा मित्रांना सामन्याला बोलावतोय. चिकन-सॉसेज सगळं होणार. आईंना वेगळं काही करून देऊ की त्यांनाही यातलं खाता येईल? — एक वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

त्यांना वेगळं बसवून खिचडी देऊ नका. नातवाच्या घरी उत्साह आहे, त्यांनाही त्यातलंच ताट मिळू दे. फक्त काळजी मनापासून घ्यायला हवी, आणि ती मांस वगळून संपत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट चीजची. खरं पार्मिजानो-रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने लावतात, तो त्यांचा नियमच आहे. पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट असतं. पाकिटावर ‘एन्झाइम्स’ एवढंच असेल तर काही कळत नाही. ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेरियन रेनेट’ असं स्पष्ट लिहिलेलं चीज घ्या. अमेरिकेत बनलेल्या पार्मेझान आणि मोझरेलात ते सहज मिळतं. सीझर ड्रेसिंगमध्ये मासे असतात. सुक्या झिटीत नुसता गव्हाचा रवा आणि पाणी असतं, पण ताज्या पास्त्यात आणि रॅव्हिओलीत अंडं असतं. आईंचा सॉस वेगळ्या भांड्यात, मांस पडायच्या आधी काढलेला. डाव आणि चिमटाही वेगळा ठेवा, आणि ते त्यांना दाखवून सांगा. सांगितल्याने माणूस निर्धास्तपणे जेवतो.

त्यांच्यासाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच, वांग्याचं पार्मिजाना करा. भरताची वांगी बोटाच्या अर्ध्या जाडीच्या चकत्यांत कापा, मीठ लावून अर्धा तास ठेवा, पुसून घ्या. अंड्याऐवजी मैदा-कॉर्नफ्लोअरचं पातळसर पीठ, त्यावर ब्रेडचा चुरा, आणि तेलाचा हात फिरवून कडक तापलेल्या ओव्हनमध्ये दोन्ही बाजूंनी भाजा. ब्रेडच्या चुऱ्यातही अंडं नाही ना, ते बघा. मग सॉस, वांगं, चीज असे थर. वांग्याची माया असलेल्या सोलापूरच्या माणसाला हे आवडलं नाही असं मी अजून पाहिलेलं नाही. त्या कांदा-लसूण टाळत असतील, तर त्यांचा सॉस गाजर आणि सेलरी बारीक किसून, बेझिल भरपूर घालून करा. छान होतो.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत शिकून परतलाय. मित्रांबरोबर घरीच सुपर बोल बघणार आहे आणि बेक्ड झिटीची फर्माईश आहे. मी इटलीची सहल केली आहे, पण तिथे बेक्ड झिटी, चिकन पार्म असलं काही पाहिलं नाही. हे खरंच इटालियन आहे का? आणि फुटबॉलशी त्याचा संबंध काय? — एक वाचक, कोथरूड, पुणे

हे अमेरिकेत गेलेल्या इटालियनांचं जेवण आहे, आणि त्याला कमी लेखू नये असं मला फार वाटतं. १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेकडच्या गरीब गावांतून. तिकडे मांस सणावारीच दिसायचं. इकडे बांधकामावर, गोदीत, कापडाच्या कारखान्यात राबून हातात पैसा आला आणि मांस, चीज परवडू लागलं. मग मीटबॉल मोठा झाला आणि स्पॅगेटीवर जाऊन बसला. वांग्याच्या पार्मिजानात वांग्याच्या जागी चिकन आलं. ओव्हनमध्ये भाजलेला पास्ता दक्षिण इटलीत आजही सणाला घरोघर होतो, तो पर्यटकांच्या हॉटेलात दिसत नाही इतकंच. रविवारी सकाळी चर्चला जायच्या आधी सॉस चढवायचा आणि दुपारी अख्ख्या गोतावळ्याने जेवायचं ही इथली रीत. आणि अमेरिकन फुटबॉलचा वारही रविवारच! सॉसचं भांडं आणि सामना असे एकाच घरात आले.

खेळातही ही मंडळी होतीच. सुपर बोल जिंकणाऱ्याला जी चांदीची ट्रॉफी मिळते ती विन्स लोंबार्डी यांच्या नावाची. १९१३ मध्ये ब्रुकलिनच्या इटालियन कुटुंबात जन्म, वडिलांचा खाटकाचा धंदा. आमच्या न्यू जर्सीत इंगलवूडच्या शाळेत ते शिकवायचे आणि संघही घडवायचे. पुढे ग्रीन बे पॅकर्सना त्यांनी पहिले दोन सुपर बोल जिंकून दिले, १९६७ आणि १९६८ मध्ये. १९७० मध्ये ते गेले आणि ट्रॉफीला त्यांचं नाव दिलं गेलं. आणि या दिवशी ज्याच्याशिवाय चालत नाही ते बफेलो विंग्ज? बफेलो शहरातल्या अँकर बारमध्ये १९६४ साली टेरेसा बेलिसिमो यांनी ते केले असं सांगतात. त्याही इटालियन घरातल्याच.

आता पुण्याचं. तुमच्याकडे सामना सोमवारी पहाटे पाचला सुरू होईल, म्हणजे ट्रे रविवारी संध्याकाळीच लावून फ्रीजमध्ये टाका. झिटी नसेल तर पेने. रिकोटाऐवजी लिटरभर म्हशीचं दूध व्हिनेगरने फाडा, दहा मिनिटंच निथळा, दाबू नका, आणि दोन चमचे साय घालून फेटा. बाजारातलं घट्ट पनीर किसून घालू नका, ते कोरडं राहतं. आपले गावठी टोमॅटो चवीला छान पण पाणीदार आणि बियाळ असतात. सोलून, बिया काढून, निम्मे ते आणि निम्मी डब्यातली प्युरी असं घ्या. ओटीजीत एका वेळी एकच ट्रे मावेल, तर चारला पहिला लावा. पोरं सहाच्या सुमाराला भुकेली होतील.

प्रश्न : गेल्या वर्षी खूप उरलं आणि बरंच टाकावं लागलं. जीव हळहळला. उरलेल्याचं काय करायचं? — एक वाचक, प्लेनो, टेक्सस

उरलं तरी चालेल, ते वेळेत आवरलं पाहिजे. सामना साडेतीन-चार तास चालतो आणि ट्रे तोवर टेबलावरच राहतात, खरी नासाडी तिथे होते. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. म्हणून दोन ट्रे एकदम बाहेर काढू नका. दुसरा ९० अंशांच्या (२०० फॅरनहाइट) ओव्हनमध्ये फॉइलखाली ठेवा आणि हाफटाइमला काढा. पहिल्यातलं उरलेलं त्याच वेळी उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये टाका. पाहुण्यांना डबे भरून द्या, आपल्याकडे ते कुणाला नवं नाही.

फ्रीजमध्ये झिटी तीन-चार दिवस चांगली राहते. फ्रीझरमध्ये दोन महिने, पण आधी थंड करून चौकोन कापा, एकेक गुंडाळा. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून झाकून ठेवा. नुसता सॉस तर फ्रीझरमध्ये सगळ्यात उत्तम टिकतो, पिशवीत सपाट करून गोठवला की जागाही कमी खातो.

सॉसेज-पेपर्स उरलं असेल तर सॉसेज बाजूला काढा आणि सोमवारी सकाळी त्या मिरच्या-कांद्यात अंडी फोडून घाला. मंद आचेवर, सारखं न ढवळता. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, तेव्हा इटालियन घरांत नुसत्या मिरच्या आणि अंडी परतून पावात भरून देतात. तो डबा ऑफिसला न्यायलाही बरा.